सचित्र साहसकादंबरीची प्रत : मराठी बालसाहित्याच्या अभ्यासाचे एक उपेक्षित साधन

१. विषयाची मांडणी

मराठी बालसाहित्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा संहितांचा इतिहास लिहितो. लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष, मूळ ग्रंथ आणि भाषांतराचा प्रकार एवढ्या बाबी नोंदविल्या की कृतीचा परिचय पुरा झाला, असे आपण मानतो. कुमारवयीन वाचकाच्या हाती मात्र निव्वळ संहिता कधीच पडत नाही. त्याच्या हाती पडते ती एक प्रत. तिला विशिष्ट आकार असतो, विशिष्ट मुखपृष्ठ असते, मजकुराच्या मध्येच येणारी रेखाचित्रे असतात आणि क्वचित एखादा नकाशाही असतो. पन्नास वर्षांनी त्या वाचकाला कथानकाचे तपशील आठवत नाहीत. परंतु जहाजाच्या शिडावर चढणारा मुलगा किंवा पाणबुडीच्या काचेला चिकटलेला राक्षसी जलचर त्याला अद्याप दिसत असतो. ही स्मृती संहितेची नसून आवृत्तीची असते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, साहसकादंबरीच्या बाबतीत, आणि विशेषतः भाषांतरित व रूपांतरित साहसकादंबरीच्या बाबतीत, चित्रे ही सजावट नसून भाष्य असते. म्हणून जुन्या सचित्र आवृत्त्यांचा संग्रह हा केवळ हौशी माणसाचा छंद नाही, तर तो अभ्याससाधनांच्या संकलनाचा भाग आहे. हे काम साहित्याच्या विभागांनी आपले मानले नाही, तर या वाङ्मयप्रकाराचा निम्मा पुरावा आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत जाईल.

‘डोळ्यांदेखत’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. प्रस्तुत लेखिका कोपरखैरणे येथे राहते. सिडकोची स्थापना १९७० सालची आणि नवी मुंबई महानगरपालिकेची १९९२ सालची. म्हणजे हे शहर त्यातील रहिवाशांनी बरोबर आणलेल्या अनेक पुस्तकांहून वयाने लहान आहे. गिरगाव, दादर, लालबाग येथून अथवा घाटावरच्या गावांतून आलेल्या कुटुंबांनी ट्रंकांतून पुस्तके आणली. ती आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या हाती आहेत. घरे लहान आहेत आणि माळे भरलेले आहेत. शतकभराची परंपरा असलेले जवळचे ग्रंथालय म्हणजे खाडीपलीकडचे, १८९३ साली स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय. साहजिकच घर आवरताना पुस्तकांचा पहिला मुक्काम सेक्टरातील रद्दीचे दुकान हा असतो. तेथे वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके आणि गोष्टींची पुस्तके एकाच तराजूत पडतात. त्या तराजूवरून काय उचलावे, ते कसे ओळखावे आणि त्याचे पुढे काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

२. चित्र हे भाष्य कसे ठरते

ज्या पाश्चात्त्य कादंबऱ्यांनी साहसकथेचे साचे घडविले, त्यांच्या बाबतीत चित्र आणि शब्द यांचे नाते प्रारंभापासूनच घनिष्ठ आहे. १७१९ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनियल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या पहिल्याच आवृत्तीत, कातड्याची टोपी व खांद्यावर बंदुका अशा वेषातील क्रूसोचे मुखचित्र होते. पुढच्या तीन शतकांतील बहुतेक चित्रकारांनी क्रूसो याच वेषात काढला. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ची कथा याहून बोलकी आहे. १८८१ साली सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी काढलेल्या एका बेटाच्या नकाशातून ही कादंबरी उगवली. ती आधी मुलांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १८८३ साली पुस्तकरूप झाली. तो मूळ नकाशा दरम्यान हरवला आणि स्टीव्हन्सनला तो नव्याने तयार करावा लागला. अर्थात नकाशा येथे कथेची पुरवणी नसून कथेचे बीज आहे. एखाद्या संक्षिप्त रूपांतरात नकाशा गाळला गेला, तर गाळला गेलेला भाग एका पानाचा असला तरी तो कथेच्या उगमाचा असतो. याच कादंबरीसाठी एन. सी. वाईथ या अमेरिकन चित्रकाराने १९११ साली काढलेली रंगचित्रे आज स्वतंत्रपणे अभ्यासली जातात.

ज्यूल व्हर्नचे उदाहरण मराठी अभ्यासकाच्या अधिक जवळचे आहे. व्हर्नचे प्रकाशक एत्झेल यांनी त्याच्या कादंबऱ्या ‘असाधारण प्रवास’ या मालेतून काष्ठकोरीव चित्रांनी समृद्ध करून काढल्या. लाल कापडाच्या सोनेरी पुठ्ठ्यांतील त्या आवृत्त्यांचा युरोपातील संग्राहक आजही शोध घेत असतात. पाणबुडीची सागरयात्रा सांगणाऱ्या कादंबरीची सचित्र आवृत्ती १८७१ साली निघाली; तिची चित्रे रियू आणि द नव्हिल यांची. त्या चित्रांतील कॅप्टन नेमो हा दाढीधारी, करारी युरोपीय गृहस्थ आहे. परंतु १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत व्हर्नने नेमोचे रहस्य उलगडले. तो बुंदेलखंडच्या राजघराण्यातील राजपुत्र डक्कर असून, १८५७च्या उठावात सर्वस्व गमावून तो समुद्राकडे वळला होता. म्हणजे पहिल्या कादंबरीच्या चित्रकारांनी जो चेहरा रूढ केला, तो दुसऱ्या कादंबरीने प्रश्नांकित केला.

मराठी आवृत्तीच्या चित्रकारापुढे येथे खरा पेच उभा राहतो. त्याने नेमो युरोपीय काढला, तर तो एत्झेलच्या परंपरेला अनुसरतो. त्याने नेमोला भारतीय चेहरामोहरा दिला, तर पुढच्या कादंबरीतील रहस्य तो आधीच फोडतो. मात्र त्याच वेळी मराठी मुलाला या बंडखोर नायकाशी नाते जोडण्याची वाट करून देतो. भाषांतरकाराने एक शब्दही न बदलता केवळ चित्राने कृतीचा राजकीय आशय बदलू शकतो. म्हणून ‘नेमो कसा काढला आहे?’ हा प्रश्न व्हर्नच्या प्रत्येक मराठी आवृत्तीला विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर संहितेत नाही, प्रतीत आहे.

दुसरे उदाहरण आपल्या परिसरातलेच आहे. १८७३ साली पुस्तकरूपाने आलेल्या, ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीत फिलिअस फॉग मुंबईस उतरतो. त्याचा नोकर मलबार टेकडीवरील देवळात पायांतल्या बुटांसह शिरतो आणि त्यातून संकट ओढवते. पुढे त्यांची आगगाडी साष्टी ओलांडून ठाण्यापाशी मुख्य भूमीवर येते आणि सह्याद्री चढू लागते. ज्या खाडीच्या पूर्वकाठावर आज कोपरखैरणे वसले आहे, तीच खाडी ही गाडी ओलांडते. मूळ आवृत्तीची चित्रे द नव्हिल आणि बेनेट यांची असून ती फ्रेंच वाचकासाठी काढलेली आहेत. त्यांतील भारत हा दुरून कल्पिलेला भारत आहे. मराठी चित्रकाराला मात्र मलबार टेकडी रोजच्या पाहण्यातली. त्याने ते देऊळ परक्या चित्रावरून उतरविले की डोळ्यांसमोरच्या देवळावरून काढले, यावरून ती आवृत्ती अनुकरणाची की आत्मसात करण्याची, हे ठरते.

याच दृष्टीने आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. रड्यार्ड किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये ज्यांची चित्रे आहेत, त्यांपैकी एक त्याचे वडील जॉन लॉकवूड किपलिंग होत. ते १८६५ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते आणि त्याच वर्षी मुंबईत रड्यार्डचा जन्म झाला. इंग्रजी साहसकथेच्या चित्रपरंपरेचा एक धागा अशा रीतीने मुंबईच्या कलाशिक्षणातून गेलेला आहे.

३. मराठी परंपरेतील स्थाने

मराठीत व्हर्न येऊ लागला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ‘चंद्रलोकची सफर’ प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचा वाचक प्रौढ होता. याच शतकाच्या पहिल्या दशकांत नाथमाधव (१८८२–१९२८) यांच्या ‘वीरधवल’सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आणि गो. ना. दातार यांची रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवर बेतलेली रूपांतरे लोकप्रिय झाली. ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती, परंतु मुलांनी ती वाचली. संग्राहकाने ‘बालसाहित्य’ ही सीमा काटेकोर पाळली, तर मराठी मुलांच्या साहसवाचनाचा मोठा भाग त्याच्या कपाटाबाहेर राहील. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांबाबतही हेच म्हणता येईल. त्यांच्या मुखपृष्ठांवरील रघुवीर मुळगावकरांची (१९१८–१९७६) चित्रे हा त्या वाचनाचा प्रवेशदरवाजाच होता.

कुमारांसाठी म्हणून साहसकादंबरी जाणीवपूर्वक उभी करण्याचे श्रेय भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्याकडे जाते. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले. व्हर्नच्या कादंबऱ्या ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशा नावांनी त्यांनी मराठीत आणल्या. ही शीर्षकेच पाहावीत. ‘स्वारी’, ‘पाताळलोक’, ‘मुक्काम’, ‘शेंडेनक्षत्र’ हे सारे शब्द बखर, पुराण आणि पंचांग यांतून मराठी कानावर आधीच रुळलेले आहेत. शीर्षकाच्या पातळीवर झालेले हे आत्मसातीकरण चित्राच्या पातळीवर कितपत झाले, हा तुलनेचा विषय आहे. पुढे त्यांच्या ‘फास्टर फेणे’ने, म्हणजे फुरसुंगीच्या बनेश फेणेने, परदेशी नायकाची गरजच उरू दिली नाही. काडीसारखा मुलगा आणि त्याची सायकल ही त्याची ओळख शब्दांतून झाली तशीच चित्रांतूनही झाली. ही पुस्तके दशकानुदशके पुनर्मुद्रित होत राहिली, त्यावर दूरदर्शन मालिका झाली, २०१७ साली चित्रपट आला. प्रत्येक पिढीचा फेणे वेगळा दिसतो. तो कसा बदलत गेला, हे सांगण्यासाठी सर्व पिढ्यांच्या प्रती समोर असाव्या लागतात.

चित्रकारांमध्ये दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि मुळगावकर ही दोन नावे सर्वज्ञात आहेत. दलालांची चित्रे बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’त आहेत. हा ग्रंथ कादंबरी नाही, तरीही साहसकथेच्या ओढीनेच मुलांनी तो वाचला आणि त्यातील गड, तटबंदी व घोडदौड या चित्रांतूनच अनेकांच्या मनात ठसली. या दोघांपलीकडे असे कितीतरी चित्रकार आहेत, ज्यांची ओळख केवळ चित्राच्या कोपऱ्यातील दोन अक्षरांच्या स्वाक्षरीतून उरली आहे.

दोन शेजारपरंपरांचाही उल्लेख आवश्यक आहे. १९४७ साली मद्रासहून सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ साली निघाली. तिच्यातील क्रमशः साहसकथांना अनेक भाषांत एकच चित्र असे आणि शब्द मात्र भाषेगणिक बदलत. अनुवादाच्या अभ्यासकाला चित्र स्थिर ठेवून भाषा पालटण्याचा असा प्रयोग अन्यत्र क्वचितच मिळेल. दुसरी परंपरा मॉस्कोहून मराठीत छापून येणाऱ्या आणि लोकवाङ्मय गृहामार्फत वितरित होणाऱ्या सचित्र सोव्हिएत बालपुस्तकांची. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो ओघ थांबला. स्वस्त किंमत व उत्तम छपाई यांमुळे ही पुस्तके घरोघर पोहोचली होती. आज तीच संग्राहकांची मागणी झाली आहेत.

४. प्रत दुर्मीळ का होते

बालसाहित्याची प्रत दुर्मीळ होते, ती कमी छापली गेली म्हणून नव्हे, तर भरपूर वाचली गेली म्हणून. मुलांनी हाताळलेले पुस्तक फाटते, त्यातील चित्रे कापून वहीत चिकटविली जातात, रेखाचित्रे रंगपेन्सिलीने भरली जातात. प्रौढ कादंबरीचे पुस्तक कपाटात टिकते, मुलांचे पुस्तक धाकट्या भावंडाकडे जाते आणि तेथे संपते. त्यात स्वस्त कागद आणि जुजबंदीऐवजी पिनांची बांधणी यांची भर पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कागदटंचाईत छापलेली पुस्तके तर हात लावताच तुकडे होण्याच्या अवस्थेत आढळतात.

दुसरे कारण ग्रंथालयीन आहे. सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तक दाखल झाले की ते टिकावे म्हणून पुठ्ठ्यात बांधले जाते. त्या वेळी मुखपृष्ठ व वेष्टन काढून टाकले जाते, कडा छाटल्या जातात, कधी चित्रांचा काठही जातो. पुस्तक जीर्ण झाले की त्याचे निर्लेखन होते. निर्लेखनाचा निकष ‘वापरण्यायोग्य नाही’ हा असतो. ‘दुसरी प्रत अन्यत्र आहे का?’ हा नसतो. १८६७च्या मुद्रण व पुस्तक-नोंदणी कायद्याने आणि नंतर १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्याने प्रती शासकीय ग्रंथालयांत जमा होण्याची तरतूद झाली होती. परंतु प्रत्येक प्रकाशकाने प्रत्येक मुलांच्या पुस्तकाची, त्यातही प्रत्येक पुनर्मुद्रणाची प्रत पाठविली असेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरे कारण तांत्रिक आहे. खिळामुद्रणाच्या काळात रेखाचित्राचा जस्ताचा ठसा करावा लागे. पुनर्मुद्रण करताना ठसे जपलेले असतील तरच चित्रे पुन्हा येत. मुद्रणालये ऑफसेटकडे वळल्यावर ठशांचे मोल धातूपुरते उरले. मजकूर नव्याने जुळविता येतो, ठसा नव्याने आठवता येत नाही. म्हणून नव्या आवृत्तीत एकतर नवी चित्रे आली किंवा चित्रे गेलीच.

चौथे कारण कायद्याचे असून त्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, १९९२ च्या दुरुस्तीनंतर, हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची आहे. चित्र ही स्वतंत्र कलाकृती असल्याने तिची मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जाते. नाथमाधव १९२८ साली निवर्तले, त्यांची संहिता केव्हाच मुक्त झाली. स्टीव्हन्सन, व्हर्न, किपलिंग यांच्या मूळ कृतीही मुक्त आहेत. परंतु दलालांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत आणि मुळगावकरांच्या चित्रांवरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत टिकणार आहेत, मग तो हक्क आज कोणाच्याही हाती असो. भागवतांच्या भाषांतरांची मुदत तर २०६१ पर्यंत आहे. परिणामी जुन्या कादंबरीचे पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकाला चित्रांशिवायची संहिता हीच सोयीची वाटते. कायद्यात दोष आहे असे येथे म्हणावयाचे नाही. चित्रकाराचा हक्क रास्तच आहे. मात्र शब्द आणि चित्र यांची कायदेशीर आयुष्ये भिन्न असल्यामुळे पुनर्मुद्रण हे मूळ प्रतीला पर्याय ठरू शकत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

५. प्रतीचा काळ कसा ठरवावा

रद्दीत सापडणाऱ्या प्रतीचे शीर्षकपृष्ठ बहुधा नाहीसे झालेले असते आणि असले तरी त्यावर वर्ष असेलच असे नाही. ‘प्रथमावृत्ती’ या शब्दावरही विसंबता येत नाही. प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक आपल्या पहिल्या मुद्रणाला प्रथमावृत्तीच म्हणतो. अशा वेळी प्रतीतील अन्य खुणांवरून पूर्वमर्यादा व उत्तरमर्यादा निश्चित करता येतात.

पहिली खूण किमतीची. आणे-पैंतील किंमत असेल, तर प्रत सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल, तर ती १९५७ ते १९६४ या अवधीतील. १ जून १९६४ पासून ‘नये’ हे विशेषण गळाले. दुसरी खूण पत्त्याची. ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे २’ असा टपाल विभागाचा क्रमांक जुना. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. तिसरी खूण लेखनपद्धतीची. ‘त्यानें’, ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ अशी अनुच्चारित अनुस्वारांची रूपे असतील, तर मजकूर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी जुळविलेला असण्याचा संभव मोठा. अर्थात काही मुद्रणालये व लेखक पुढेही जुन्या वळणाला चिकटून राहिले, म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. चौथी खूण मुद्रणाची. पानाच्या मागील बाजूवर बोट फिरविल्यास खिळ्यांचा दाब जाणवतो. ऑफसेटचे पान सपाट लागते. पाचवी खूण प्रतीच्या वापराची, म्हणजे शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, ‘सप्रेम भेट’ म्हणून लिहिलेली ओळ, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक व तारीख. यांतून उत्तरमर्यादा मिळते.

समजा, एका प्रतीला शीर्षकपृष्ठ नाही. मलपृष्ठावर किंमत ‘एक रुपया पंचवीस नये पैसे’ आहे, मजकुरात जुने अनुस्वार आहेत आणि आत जून १९६१ ची बक्षिसाची चिठ्ठी आहे. मग ही प्रत १९५७ ते १९६१ यांमधील, हे ठामपणे म्हणता येते. त्यानंतर शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’कडे वळावे. तिचे दोन भाग १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० हा काळ व्यापतात. आपली प्रत त्यापुढची असली, तरी कृतीची पूर्वीची आवृत्ती सूचीत सापडल्यास या प्रतीचे वंशावळीतील स्थान कळते.

६. नोंद आणि जतन

संग्रह आणि साठा यांत फरक आहे तो नोंदीचा. प्रत्येक प्रतीसाठी एक कार्ड किंवा वहीचे एक पान राखावे. त्यात शीर्षक, मूळ कृती, लेखक-रूपांतरकार, चित्रकार, प्रकाशक, मुद्रणालय, किंमत, पृष्ठे आणि आकार हे तपशील असावेत. चित्रांची संख्या, त्यांची स्थाने, चित्राखालील ओळी आणि चित्रकाराच्या स्वाक्षरीचे वर्णन हे त्याहून महत्त्वाचे. आपल्या बहुतेक ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांत चित्रकाराला रकानाच नसतो. संग्राहकाने तो प्रथम आखावा. चित्राचा प्रकारही नोंदवावा : परदेशी चित्राची सरळ नक्कल, परदेशी चित्रावरून केलेले फेरचित्रण, की पूर्णतः नवे चित्र. हे तीन प्रकार भाषांतर, रूपांतर आणि स्वतंत्र निर्मिती यांना समांतर आहेत, मात्र ते नेहमी एकत्र येतात असे नाही. रूपांतरित संहितेत नायक पुण्याचा असावा आणि चित्रात तो कोट-हॅटमध्ये दिसावा, अशी विसंगती ज्या प्रतीत आढळेल, ती अभ्यासकासाठी सर्वांत मोलाची.

अपुऱ्या प्रतीही टाकू नयेत. पहिली वीस पाने नसलेली एक आणि शेवटची वीस नसलेली दुसरी, अशा दोन प्रती मिळून एक आवृत्ती वाचता येते. मुलाने रंगविलेले चित्र हा प्रतीचा दोष नसून वाचकप्रतिसादाचा पुरावा आहे. याउलट, मुखपृष्ठ वेगळे काढून चौकटीत बसविण्याची अलीकडे आढळणारी हौस मात्र संग्रहविरोधी आहे. त्याने चित्र वाचते आणि पुस्तक मरते.

खाडीकाठच्या दमट हवेत जतनाचे प्रश्न तीव्र असतात. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नये. पावसाळ्यात त्या भिंतीची ओल कागदात उतरते. पुस्तके घट्ट कोंबू नयेत. कसर व झुरळे यांसाठी महिन्यातून एकदा सारी पुस्तके काढून झटकणे हा कोणत्याही गोळीहून खात्रीचा उपाय. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी डाग होऊन कागद खातो. पातळ जपानी कागद आणि पिठाची खळ हा जुना उपाय सुरक्षित असतो. पानांवर प्लॅस्टिकचे आवरण चढविणे तर कटाक्षाने टाळावे. ठिसूळ कण्याचे पुस्तक छायाप्रतीच्या यंत्रावर उताणे दाबण्यापेक्षा खिडकीच्या उजेडात साध्या कॅमेऱ्याने त्याची छायाचित्रे घ्यावीत.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. एक, साहसकादंबरीच्या मराठीकरणाचा अभ्यास चित्रांशिवाय अपुरा आहे. दोन, पुनर्मुद्रण किंवा संहितेचे संगणकीय रूप हा प्रतीचा पर्याय नाही. तीन, ज्या प्रतींवर हा अभ्यास उभा राहावयाचा, त्या सार्वजनिक संस्थांपेक्षा खाजगी घरांत अधिक आहेत आणि त्या घरांतून वेगाने बाहेर पडत आहेत.

डिजिटायझेशनचे एक अनुकरणीय उदाहरण आपल्यापुढे आहे. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. परंतु ‘किशोर’ला एक संस्था पाठीशी होती. बंद पडलेल्या प्रकाशनगृहाच्या, नाव विसरलेल्या चित्रकाराच्या कादंबरीला कोणीच वाली नाही. तेथे महाविद्यालयातील मराठी विभागाला करता येण्याजोगे काम आहे आणि त्याला अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील किंवा शेजारातील एका जुन्या सचित्र पुस्तकाची वर सांगितल्याप्रमाणे नोंद करावी, त्या पुस्तकाच्या मूळ मालकाला ते कोठून आले व कोणी कोणी वाचले हे विचारावे आणि ती नोंद विभागात जमा करावी. प्रत मालकाकडेच राहू द्यावी. आधी ती आहे एवढे तरी कळू द्यावे. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ग्रंथपालाने मुलांच्या पुस्तकांचा गठ्ठा एकदा मराठीच्या अध्यापकास दाखवावा, अशी प्रथा पाडणेही अवघड नाही.

एका वर्गाचे तीस विद्यार्थी धरले, तरी दहा वर्षांत तीनशे प्रतींची सूची तयार होते. मराठी साहसकादंबरीच्या चित्रांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या उद्याच्या संशोधकाला एवढे साधन आज कोठेही एकत्र मिळत नाही. या पुस्तकांचे पहिले वाचक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणते चित्र कोणत्या पानासमोर होते, हे फाटक्या प्रतीकडे पाहून सांगू शकणारी ती अखेरची पिढी आहे. म्हणून प्रत आणि तिचा वाचक यांच्या नोंदी एकदमच व्हावयास हव्यात.